बांध त्याने आपल्याच बागेकडे फोडला

एवढी वर्षं खाकीत काढली, पण तो एक मातीचा बांध काही डोळ्यांपुढून हलत नाही.

देवगडच्या बाजूला एका सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावर, कोंबड्यांची शेड होती. शेड धुतलेलं पाणी आणि विष्ठा साठवायला मालकाने बंद पडलेली चिरेखाण वापरली होती. नियमाने तळाला जाड प्लास्टिक हवं, एका टाकीत गाळ बसून पाणी दुसरीत जायला हवं, पावसाआधी गाळ उपसायला हवा. इथे यातलं काही नव्हतं. उघड्या बाजूला मातीचा बांध घातला, झालं काम! जांभा दगड म्हणजे चाळण, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

ऐन आषाढात मालक ठाण्यात आला. आदल्या दिवशी भर पावसात कोणीतरी बांध फोडला होता. "साहेब, हे खालच्या वाडीचं काम. माझ्या धंद्यावर उठलेत ते." वासाला कंटाळून वाडीतल्या बायकांनी मागे त्याचं फाटक अडवलं होतं, हे खरं. मी फिर्याद नोंदवून घेतली. संध्याकाळी अंड्यांच्या टेम्पोवाल्याने आमच्या बीट हवालदाराला खबर दिली, की वाडीतला एक म्हातारा पहार घेऊन सड्यावर चढताना दिसला होता.

म्हाताऱ्याला बोलावलं. बोटीवर खलाशी म्हणून उमर काढलेला, आता सुपारीच्या बागेवर जगणारा ख्रिस्ती माणूस. खुर्ची दिली तरी बसेना. काहीही विचारा, एकच उत्तर, "माका म्हायत नाय." माझा आवाज चढला, तरी तेच. स्वतःला वाचवणारा माणूस भाराभर गोष्टी सांगतो. हा नुसता खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला सड्यावर गेलो आणि चक्रावलो. बांध फोडला होता तो म्हाताऱ्याच्याच बागेच्या अंगाला. काळी घाण सुपारीच्या बुंध्यांशी साचली होती, त्याची विहीर तिनेच भरली होती. स्वतःचं घर कोण बुडवतो? मग मी बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे माती फुगून भेगा पडल्या होत्या, आणि बरोबर खाली सगळ्या वाडीची विहीर होती. बांध तिथून फुटता, तर सगळी घाण त्या विहिरीत गेली असती.

ठाण्यात परतल्यावर म्हाताऱ्याला पुन्हा बोलावून म्हटलं, "बाबा, वाडीची विहीर वाचवायला गेलात ना?"

आता कुठे तो खुर्चीवर बसला. "मीच फोडलंय, सायबानू. बांद फुगलो म्हणान मालकाक सांगलंय. तो म्हणता, पाऊस गेल्यार बगया. माझी बाग एकट्याची. बाव सगळ्या वाडीची." बाव म्हणजे विहीर.

पण फिर्याद कागदावर होती, अटक दाखवावीच लागली. मालकावरही पाणी नासवल्याचा गुन्हा नोंदवला. पण साक्षीला वाडीतून एक माणूस येईल तर शपथ! निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी शेडवर कामाला होतं.

दिवाळीनंतर वाडीच्या विहिरीलाही वास सुटला. खाणीतली घाण आधीपासूनच जांभ्यातून झिरपत असणार, असं माझं मत. वाडीने मात्र खापर म्हाताऱ्यावर फोडलं. "तेणां बांद फोडल्यान, म्हणान घाण हय इली," असं तोंडावर म्हणू लागले. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! बारशा-लग्नाला त्याला बोलावणं बंद झालं. नाताळात त्याच्या बायकोने शेजाऱ्यांसाठी केलेल्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घरातच राहिल्या.

मी निवृत्त झालो त्या सुमारास तो कणकवली स्टँडवर भेटला. कोर्टाची तारीख करून परत चालला होता. स्वतःच्या खटल्याबद्दल अक्षर नाही. चहाचा ग्लास हातात धरून म्हणाला, "सायबानू, खरा सांगा. मी हात लावलो नसतो, तर वाडीची बाव बरी रवली असती काय ओ?"

उभी नोकरी मी दुसऱ्यांना प्रश्न विचारण्यात घालवली. याला काय सांगणार? 'असती' म्हणालो, तर वाडीचं पाणी त्यानेच नासवलं. 'नसती' म्हणालो, तर स्वतःची बाग आणि विहीर त्याने फुकट घालवली. गुन्हा पुरता उकलूनही कोणाचंच भलं होत नाही, एवढंच त्या प्रकरणाने मला शिकवलं. मी चहाचे पैसे दिले. गाडी लागली तसा तो "येतंय हां" म्हणून उठला.