वाल्मीकची किळस

माझ्या भावाला, वाल्मीकला, लहानपणी कशाचीच किळस यायची नाही, आणि त्याचीच मला किळस यायची. आमच्या दारावरून रंगाईच्या कारखान्यांचं गटार वाहायचं, आज हिरवं तर उद्या जांभळं. त्यात चेंडू पडला की हा कोपरापर्यंत हात घालून काढायचा आणि त्याच हातानं भाकरी मोडायचा. भिवंडीत ताटातल्या भातावर कापसाचं तूस पडतंच. मी ते बोटानं वेचत बसायची, हा मीठ पडल्यासारखं कालवून मोकळा. आमची आई ठकुबाई म्हणायची, पोरगी नखरेल आणि पोरगा सोन्यासारखा. मी म्हणायची, सोनं निदान धुता तरी येतं.

आमचा बा, नवशा, केसरीनाथ शेठच्या कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा. मी सातवीपासून शाळा सांभाळून तिथंच कांड्या भरायला बसत होते. लूम म्हणजे आवाज, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ते तोंडाचंही काम असतं हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. कापडातून इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी धोट्यात सुताची कांडी बसवलेली असते, ती पाचेक मिनिटांत संपते. नवी घातली की तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी भोकाला ओठ लावायचे आणि जोरात आत ओढायचं. सूत तोंडात येतं, त्याच्यासोबत तूस येतं, तेल येतं, आणि आधीच्या पाळीतल्या माणसाची थुंकी येते, तंबाखूसकट. बाच्या हाताखाली चार लूम होते. बारा तासांत पाचशेच्या वर वेळा तो हे करायचा.

बाचा धोटा बा जेवायला बसला की शेजारच्या लूमवरच्या आजमगडच्या एका भय्याच्या तोंडात जायचा आणि संध्याकाळी पाळी बदलली की कोन गावच्या एका कुणब्याच्या. त्या कुणब्याच्या घरी बा कधी निरोप घेऊन गेला तर त्याला ओटीच्या खाली उभं ठेवत. कारखान्यात शेठच्या माठाला आम्ही हात लावायचा नाही, दुसऱ्यानं वरून ओतलं तर प्यायचं. धोटा मात्र चालायचा. बाला याचं फार अप्रूप होतं. सुट्टीच्या दिवशी दारात बसला की तो हमखास म्हणायचा, "धोट्याला जात न्हाय. माझी थुकी त्याच्या पोटात, त्याची माझ्या." ऐकून मी उठून आत जायची. बाला वाटायचं आपण लढाई जिंकली.

वाल्मीक अकरावीपासून सुट्टीत बाच्या लूमवर उभा राहायचा. एका दमात सूत ओढायचा, बाला तेवढंही जमायचं नाही. पुढे तो मुंबईत कापडाचं इंजिनिअरिंग शिकला आणि १९९३ साली सरकारची शिष्यवृत्ती मिळवून वर्षभरासाठी मँचेस्टरला गेला. वस्तीनं सत्कार ठेवला. भिवंडीला हिंदुस्थानचं मँचेस्टर म्हणतात, म्हणून बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण तोच विनोद करत होता, भिवंडीच्या मँचेस्टरातून खऱ्या मँचेस्टरला. शेठही हार घेऊन आला होता. वाल्मीकच्या मानेला बोट लागू नये म्हणून त्यानं तो लांबूनच टाकला, बैलाच्या शिंगात दोर टाकावा तसा. मला किळस आली. वाल्मीकनं हसून नमस्कार केला.

त्याची पत्रं निळ्या कागदावर यायची. ती मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची आणि आईसकट गल्लीतल्या सगळ्या बाया ऐकायच्या. सहा पोरांत एक स्वयंपाकघर, एक फ्रीज. भांडी साबणाच्या पाण्यात बुडवतात आणि विसळत नाहीत, फेसासकट पुसून ठेवतात. रुमालात नाक शिंकरतात आणि तोच रुमाल घडी करून परत खिशात. कुत्र्याला तोंड चाटू देतात. बूट घालून गादीवर लोळतात. टबात पाणी भरून आपल्याच मळात अर्धा तास बसतात आणि त्याला आंघोळ म्हणतात. संडासात पाणी नाही, नुसता कागद. म्हणून यानं दुधाची प्लॅस्टिकची बाटली कापून टमरेल केलं होतं आणि ते टॉवेलात गुंडाळून चोरून न्यायचा. उकडलेला बटाटा, उकडलेला वाटाणा, उकडलेलं मांस. मिरची मागितली तर काळी मिरी देतात.

बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. आईला फेसाच्या ताटांचं इतकं लागलं की तिनं नळावर भेटेल त्या बाईला ते सांगितलं. माझा जीवही त्या पत्रांत रमायचा, कबूल करते. जन्मभर लोक आमची किळस करत आलेले. आता पहिल्यांदाच आम्हाला किळस करायला कुणीतरी मिळालं होतं, आणि तेही गोरं. तोंड भरून शी म्हणण्यात शेठसारख्यांना काय सुख मिळतं ते मला तेव्हा समजलं.

फेब्रुवारीत आलेल्या पत्रावर फक्त माझं नाव होतं. 'हे मोठ्यानं वाचू नकोस,' असं वरच लिहिलेलं.

त्यांच्या कॉलेजच्या कार्यशाळेत एक जुना लूम जपून ठेवलेला होता, आमच्याकडे चालतात अगदी तसलाच. मास्तरांनी विचारलं, असला लूम कुणी चालवलाय का. वाल्मीकनं हात वर केला. सहा महिन्यांत त्या वर्गात त्याला पहिल्यांदाच काहीतरी सगळ्यांपेक्षा जास्त येत होतं. त्यानं लूम सुरू केला, दोन बोटं कापड विणलं. कांडी संपली. त्यानं नवी घातली, धोटा उचलून ओठांना लावला आणि एका दमात सूत ओढलं.

एक पोरगी किंचाळल्यासारखं काहीतरी बोलली. एकाला खरोखरच उलटीची उबळ आली. मास्तरांनी धोटा फडक्यात धरून त्याच्या हातातून घेतला, स्पिरिटनं पुसला आणि वर्गाला सांगितलं की आपल्या आज्याही असंच करायच्या. त्यांचे दात सडले. एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात क्षय गेला. म्हणून इकडे ते कधीच बंद झालं. मास्तर चांगले होते, त्यांनी वाल्मीकला त्याच दुपारी छातीचा फोटो काढायला पाठवलं. पण तोवर ती गोष्ट स्वयंपाकघरात पोचली होती. संध्याकाळी त्याचा कप फडताळात नव्हता. बाकीचे पाच तिथंच होते, त्याचा तेवढा खिडकीत ठेवला होता, धुऊन, उपडा.  सगळे नेहमीपेक्षा गोड बोलत होते.

'कमळ, कप मी लगेच ओळखला, चहाच्या टपरीवर आपल्यासाठी वेगळा ठेवतात तसाच,' त्यानं लिहिलं होतं. 'तीनदा दात घासले, तरी तेलाची चव जाईना. भय्याची, कुणब्याची, सगळ्यांची थुंकी आज तोंडात आली. माझा फोटो स्वच्छ आहे. बाचा काढ. त्याला धोटा तोंडाला लावू देऊ नकोस.'

बा दिवाळीपासून खोकत होता. आम्ही तुसाचा खोकला म्हणून गूळ देत होतो.

पाठोपाठ वाल्मीकचं एक पुडकं आलं. त्यात तारेचे बारीक आकडे होते, पंचवीस. भोकातून आकडा घालायचा, सूत अडकवायचं, बाहेर ओढायचं, झालं. मी ते कारखान्यात नेले. शेठनं एक हातात घेऊन पाहिला, यात वेळ जातो म्हणाला, परत दिला आणि बोटं लुंगीला पुसली. ती आकड्यासाठी पुसली की माझ्यासाठी, देव जाणे. भय्यानं आकड्यानं कान कोरून दाखवला. सगळे हसले.

बा हसला नाही. त्यानं आकडा परत माझ्या हातात ठेवला. दवाखान्यात चल म्हटलं तर पुढच्या हप्त्याला म्हणाला, आणि पुढच्या हप्त्याला परत पुढच्या. शेवटी घरी मी फारच तोंड सोडलं तेव्हा तो खोकत खोकत बोलला.

"आकडा लावला तं त्यांना काय वाटंल? नवशाला आमच्या तोंडाची किळस येते. उभ्या जल्मात लोकांनी मला लांब धरला, कमळ. मी कोनाला धरनार न्हाय."

मला रडू आलं आणि संतापही. रोग गिळून बरोबरी मिळवायची, ही कसली बरोबरी? मी पंचवीसच्या पंचवीस आकडे चुलीवरच्या फळीवर फेकले. त्या उन्हाळ्यात बाची मान चिमणीसारखी झाली.

ऑक्टोबरात वाल्मीक परत आला. विमानतळावरून घरी येईपर्यंत त्यानं नाकावरचा रुमाल काढला नाही. आई ताट वाढायची, हा ते पुन्हा विसळायचा. पाणी उकळायला लावायचा आणि उकळलं की भांडं कुठलं होतं ते विचारायचा. दारातलं गटार तो डोळे मिटून ओलांडायचा. भातातलं तूस तो चमच्यानं वेचायचा, माझ्यापेक्षा सावकाश. लहानपणी मला हवा होता तसा भाऊ अखेर मिळाला होता, आणि तो मला बघवत नव्हता. आई एकदाच म्हणाली की माझा पोरगा पावना झाला, मग तिनं त्याच्यासाठी वेगळं पातेलं काढलं.

बाशी तो रोज भांडायचा. फुप्फुसाचं चित्र काढून दाखवायचा. बा ऐकून घ्यायचा आणि पाळीवर जायचा. चौथ्या दिवशी वाल्मीक त्याच्या मागोमाग कारखान्यात आला आणि लूमच्या आवाजात ओरडून सगळ्यांना सांगू लागला की तुम्ही एकमेकांना मारताय. भय्यानं लूम थांबवला. कोनचा कुणबी पुढची पाळी घ्यायला आलेला, तोही उभा राहिला. हळूहळू आमच्या कोपऱ्यातले दहाबारा लूम गप्प झाले.

बानं नवी कांडी धोट्यात घातली आणि धोटा पोरापुढे धरला.

"एवढा शिकून आला. बघू, येतं का अजून. ओढ."

दहाबारा माणसं बघत होती. धोट्याच्या भोकाशी तपकिरी ओल चमकत होती. मी कांडीच्या मशीनवरून उठले. मला वाटलं, आता हा खिशातून रुमाल काढेल आणि बा सगळ्यांसमोर मरेल. वाल्मीकनं बाकडे पाहिलं. मग धोटा घेतला, तोंडाला लावला आणि ओढला. एका दमात सूत बाहेर. कुणब्यानं टाळी वाजवली, भय्या म्हणाला, वाह बेटा, हाथ नहीं भूला. बाचं तोंड इतकं फुललं की गेल्या वर्षभरात मी तसं पाहिलं नव्हतं. लूम पुन्हा सुरू झाले.

वाल्मीक शांतपणे मागच्या दारानं बाहेर गेला. मी त्याच्या मागे गेले. तो गटाराच्या काठावर भिंतीला हात लावून वाकला होता आणि आतडी बाहेर यावीत तसा ओकत होता. पोट रिकामं झालं तरी थांबेना. शर्टाचं टोक पिळून तो जीभ घासत होता, पुन्हा पुन्हा, सालं काढल्यासारखी. मी पाण्यासाठी कुणाला तरी हाक मारायला वळले तर माझ्या मागे बा उभा होता. पोराला पाणी द्यायला लोटा घेऊन आला होता. त्यानं लोटा खाली ठेवला आणि आवाज न करता आत गेला.

संध्याकाळी बा चुलीशी आला. वाल्मीक बाहेर होता.

"ते आकडे कुठं हायत?" त्यानं विचारलं. मी फळीवर हात घालून शोधू लागले तेव्हा तो म्हणाला, "त्याला माझी किळस आली. त्याची चूक न्हाय. पन मी पाह्यला ह्ये त्याला सांगू नको."

दुसऱ्या दिवसापासून बा आकडा वापरू लागला. डॉक्टरांनी सांगितलंय असं त्यानं भय्याला खोटंच सांगितलं. मग ते खरं करायला आपणच सरकारी दवाखान्यात गेला. डाव्या फुप्फुसावर रुपयाएवढा डाग निघाला. आठ महिने त्यानं गोळ्या खाल्ल्या, एकही न चुकवता. कोनच्या कुणब्यानं आकडा शेवटपर्यंत लावला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो गेला. बा त्याच्या घरी गेला आणि ओटीच्या खाली उभा राहून रडला.

वाल्मीकला सुरतेत मोठी नोकरी लागली. १९९६ साली वस्तीनं त्याचा पुन्हा सत्कार केला, आम्हाला दुसरं काही सुचतच नाही. माईक हातात आल्यावर तो विज्ञानावर बोलला. म्हणाला, माझे वडील आज समोर बसलेत ते केवळ विज्ञानामुळे. मी त्यांना चार दिवस समजावलं, चित्रं काढून दाखवली, आणि त्यांना पटलं. माणूस अडाणी असला तरी पुरावा दाखवला की त्याला पटतं.

 मी खुर्चीतून अर्धी उठले. बोलणार होते, सगळं, गटारासकट. बानं माझं मनगट धरलं. आता त्याच्या हातात जोर आला होता.

"बस," तो हळूच म्हणाला. "त्याला बरं वाटतंय."

मी बसले. टाळ्या पडल्या. बानंही वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर थांबला.