छोट्या गोडाऊनचा वॉचमन

हॉस्पिटलमधून घरी येताना घालायला म्हणून मी अडतीस कमरेची नवी कोरी पॅन्ट बॅगेत भरली होती. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन घेतली. दुकानदाराने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मुलासाठी का?" मी म्हणालो, "माझ्यासाठी." त्याने पॅन्ट पिशवीत भरून दिली. हॉस्पिटलमध्ये जाताना घातलेली पॅन्ट तर मी पहिल्याच दिवशी घरी पाठवून दिली होती. आता तिचं काय काम?

डिस्चार्जच्या सकाळी बाथरूममध्ये जाऊन नवी चढवायला घेतली. गुडघ्यापर्यंत आली. त्याच्या वर ती जाईना आणि खालीही येईना. पोटावर चार-पाच ठिकाणी टाके, वाकायची सोय नाही, एका हाताने नळ धरलेला. शेवटी हाक मारली. बायको आत आली. तिने आधी पॅन्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती ओढून काढली. मग स्वतःच्या पिशवीतून माझी जुनी, तंबूएवढी पॅन्ट काढून पुढे केली. ती तिने घरून परत आणून ठेवली होती.

तेवढ्यात डॉक्टर खोलीत आले. बायकोने पलंगावर टाकलेली नवी पॅन्ट उचलून म्हणाले, "ही कोणाची?"

"माझीच. म्हटलं, आता तुम्ही चरबी काढलीत, तर..."

डॉक्टर खुर्चीत बसले. ऑपरेशनआधी त्यांनी मला सगळं चित्र काढून समजावलं होतं, पण तेव्हा नेमकी मला डुलकी लागली होती.

"शेठ, चरबीला आम्ही हातही लावलेला नाही. दुर्बिणीतून तुमच्या जठराचा मोठा भाग कापून काढलाय. उरलंय ते केळ्याएवढं. आता थोडं खाल्लं की भरेल, भूकही कमी लागेल. चरबी हळूहळू उतरेल, त्याला महिने लागतील."

"म्हणजे काम झालेलं नाही?"

"आमचं झालं. तुमचं आजपासून."

मला रागच आला. माझा धंदा गोडाऊन भाड्याने देण्याचा. भिवंडीजवळ मानकोलीला वाडवडिलांनी भात पिकवला, त्याच जमिनीवर आता माझ्या पत्र्याच्या शेड उभ्या आहेत. आमच्याकडे काम झालं म्हणजे किल्ली हातात. भिंती मी बांधल्या, आता छप्पर तुम्ही घाला, असं कोणता ठेकेदार म्हणतो?

तरी हे ऑपरेशन मी हौसेने केलं नव्हतं. साखर होती, गुडघे गेले होते, पण खरी गोष्ट वेगळी होती. झोपेत माझा श्वास अडायचा. मोठमोठ्याने चाललेलं घोरणं मधेच बंद पडायचं, अगदी इंजिन बंद पडावं तसं. मग बायको उठून मला गदागदा हलवायची. मी एक हुंकार द्यायचो आणि पुन्हा चालू व्हायचो. मला यातलं काहीच माहीत नसायचं. मला झोप फार गाढ लागते, असं मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो. दिवसा मात्र बसल्या जागी डोळे मिटायचे. भाडेकरूशी बोलताना मिटायचे, आणि एकदा पडघ्याहून येताना हायवेवर स्टिअरिंग हातात असताना मिटले. डोळे उघडले तेव्हा पुढच्या ट्रकच्या मागचं 'हॉर्न प्लीज' मला अगदी नाकापाशी दिसलं, म्हणून वाचलो. डॉक्टरांनी तेव्हा बायकोला सरळ सांगितलं होतं, "वजन उतरलं नाही, तर एखाद्या रात्री हा श्वास परत सुरू होणार नाही."

आणि तोवर वजन उतरवायला मी काही केलं नव्हतं, असंही नाही. भिवंडीत ज्याला त्याला माझ्यावर इलाज माहीत होता. मध-पाणी प्यालो, मेथ्या चघळल्या, कारल्याचा रस घेतला, पहाटे चालायला गेलो. वजन थोडं उतरायचं आणि दुप्पट व्हायचं. "तोंडाला आवर घाला, बास," असं तर मला माझ्यापेक्षा जाड माणसांनीही सांगितलं. डॉक्टर एकटेच म्हणाले की इतकं वजन हा आजार आहे, आळस नव्हे. तेवढ्या एका वाक्यासाठी मी टेबलावर आडवा झालो.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे फक्त पातळ घ्यायचं होतं. पातळ म्हणजे काय, हे आमच्या घराने आपल्या पद्धतीने ठरवलं. डॉक्टरांचं पातळ म्हणजे ताक, डाळीचं पाणी, वरणाची निवळ. आमचं पातळ म्हणजे मटणाचा रस्सा, वर तेलाची तर्री. नारळाचं दूध, त्यात गूळ. आमरस. बायको बिचारी प्रेमाने वाटीत गाळून द्यायची, एक फोड चुकून घशात जाऊ नये म्हणून. पुढे हिंडायला-फिरायला लागलो तसा संध्याकाळी भिवंडीच्या निजामपुऱ्यात फालुदा सुरू झाला. त्यातल्या शेवया मी चमच्याने काढून बाजूला ठेवायचो. पथ्य म्हणजे पथ्य.

एका वेळी जायचं थोडंच. पण मी गोडाऊनवाला माणूस. गोडाऊन लहान असलं की मालाच्या फेऱ्या वाढवायच्या, एवढं मला कोणी शिकवायला नको. दिवसभर फेऱ्या चालू ठेवल्या.

तपासणीला गेलो. काट्यावर उभा राहिलो. डॉक्टरांनी काटा पाहिला, कागद पाहिला, पुन्हा काटा पाहिला.

"काय घेता दिवसभरात?"

मी अभिमानाने सगळं सांगितलं. शेवयांचंही सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "शेठ, तुमच्या गोडाऊनला मागचं दार आहे, ते आम्ही बंद केलेलं नाही. घट्ट माल अडतो, म्हणून पोट भरतं. पातळ गोड माल पुढून आला की मागून सरकतो, आणि जागा परत रिकामी. साखर मात्र सगळी अंगाला लागते. असं चालू ठेवलंत तर वजन आहे त्याहून चढेल आणि श्वास अडतच राहील. मी गोडाऊन लहान करून दिलंय. वॉचमन तुम्ही नेमायचा."

मी तिथल्या तिथे वळून बायकोकडे पाहिलं. नेमणूक झाली असं मी समजलो. ती रिपोर्टांची पिशवी आवरत होती.

त्यानंतर मात्र घर सुधारलं. मासे, अंडी, डाळ आधी, भाकरीचा चतकोर शेवटी, जेवताना पाणी नाही, जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या. काटा खाली यायला लागला. घोरणं होतंच, पण मधे बंद पडेना. बायको सकाळी मी उठल्यावर उठायला लागली. चहा मला करावा लागायचा, याची मी कुरकुरही केली.

मग पुतण्याची हळद आली. आमच्याकडे हळदीला अख्खं गाव जेवतं. माझ्या ताटात मटणाच्या दोनच फोडी बघून आत्या पातेलं घेऊनच आली. आत्याला नाही म्हणणारा आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचाय.

"येवराच? अरं, डाक्टरनी तुला पोट दिलान का पाखराचा?"

"आत्या, भरलं गं."

"काय भरला न्हाय. बापूस तुझा अर्धा बकरा खायाचा. घे!"

मांडवात सगळे हसले. शेजारचा एक म्हणाला, "भाऊ, पैसे देऊन उपास केला तुम्ही." मी बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या पंगतीत भाकऱ्या वाढत होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या ताटाकडे वळली.

मी खाल्लं. दोन फोडी, मग आणखी दोन, वर रस्सा. छातीच्या मधोमध कोणीतरी गोणी ठेवल्यासारखं झालं. घाम फुटला. मांडवामागे, बँडवाल्यांच्या टेम्पोच्या आडोशाला जाऊन सगळं बाहेर काढलं. बायको तांब्या घेऊन आली, पाठीवर हात फिरवला, चूळ भरायला पाणी दिलं आणि परत वाढायला गेली. घरी जाताना मी तिच्या चार पावलं पुढे चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आहेराच्या साड्या घ्यायला आम्ही निजामपुऱ्यात गेलो. यंत्रमागांच्या खडखडाटात उभं राहून तिने साड्या बघितल्या, मी पिशव्या धरल्या. येताना पाय आपोआप फालुद्याच्या दुकानाकडे वळले. बसलो न बसलो तोच मालकाने न विचारता दोन पेले आणून ठेवले. "सेठ, बहोत दिन बाद! आपके में मलाई ज़्यादा डाली है."

मी पेल्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. ती रस्त्यावरच्या रिक्षा बघत होती.

मला एकदम संताप आला. "काल आत्या वाढत होती, तू बघत होतीस. आत्ता हा समोर ठेवलाय, तू रस्ता बघतेयस. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं ना, वॉचमन पाहिजे म्हणून?"

तिने पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "अहो, रातपाळी इतकी वर्षं मीच केलीय, कोणाला न सांगता. दिवसपाळी आता तुमची तुम्ही करा. आणि तो पेला इकडे सरकवा, मलाई वितळतेय."