एक जूनची पायलट

आमच्या परंड्याकडं माझ्या वयाची निम्मी माणसं एक जूनला जन्मली. शाळेत नाव घालताना तारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग हेडमास्तर एक जून टाकायचे आणि पोरगं पहिलीत बसवायला वयही वाढवायचे. मी त्यातलाच. नववीत शाळा सोडली. वाढवलेलं वय तेवढं अंगावर राहिलं.

आता मी हैदराबादच्या विमानतळावर विमानात सामान चढवतो. (विमानाच्या पोटात रोज जातो, खुर्चीत अजून बसलेलो नाही.) थोरल्या भावाची पोरगी सायली पायलटचं शिकली आणि मुलाखतीसाठी माझ्याच खोलीवर उतरली. दादांनी शेत विकून शिकवलेलं. आता नोकरी लागणं भाग होतं. काळजीनं माझं जेवण सुटलं.

"अनुभव किती धरला गं तुझा?"

"दोनशे तास, काका."

मी दादांना फोन लावला. ते म्हणाले, "दोनशे? आपल्या ट्रॅक्टरचा मीटर चार हजारावर गेलाय. तरी त्यो चढाला बंद पडतोय."

झालं, माझा धीर सुटला. मुलाखत घेणारे साहेब माझ्या ओळखीचे निघाले. मराठी माणूस, जाता-येता "काय मामा, बरंय ना?" विचारणारे. आपल्याकडं कानावर घातल्याशिवाय काम होत नाही. सायलीच्या कागदावरही एक जूनच, म्हणजे वय वाढवलेलंच असणार. अनुभव कमी तर वयही कमी दाखवावं, म्हणजे शोभेल, असा हिशोब करून मी आदल्या दिवशी त्यांना गाठलं.

"साहेब, पुतणीचं वय कागदावर एकोणीस हाय, पण खरं सतराच. हेडमास्तरांनी एक जून टाकून दोन वर्षं वाढवलीत. लहान हाय, सांभाळून घ्या."

साहेबांनी नाव लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे काम झालं, या आनंदात मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सायली पांढरीफटक होऊन बाहेर आली.

"काका, तुम्ही कुणाला काय सांगितलंत?"

"तुझ्या भल्याचंच."

"अठरा पूर्ण झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. मला गेल्या वर्षी मिळालंय. तुमच्या हिशोबानं मी सोळाव्या वर्षी खोटे कागद देऊन विमान उडवत होते. संध्याकाळपर्यंत जन्माचा दाखला मागितलाय."

मी तिथूनच दादांना फोन केला.

"दादा, सायलीची खरी जन्मतारीख काय?"

"एक जून."

"ती शाळेतली. खरी सांगा."

"आरं खरीच एक जून. दवाखान्यात झालीया ती. नगरपालिकेत रांग लावून दाखला तूच काढला हुतास की. डोकं हाय का खोकं?"

व्हय की. मीच काढला होता. घराण्यात खऱ्या एक जूनची ही एकटीच, आणि नेमकी तिच्यावरच मी शंका घेतली. वहिनींनी पेटी उपसून दाखल्याचा फोटो पाठवला. मी साहेबांपुढं हात जोडून उभा राहिलो. दाखला बघून ते एवढंच म्हणाले, "मामा, पोरगी हुशार आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

त्यांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. सायलीला नोकरी लागली.

आता गावाकडून रोज फोन येतात, "बापू, तुमची वर ओळख हाय म्हणं. आमच्या पोराचं बी साहेबांच्या कानावर घाला की."

मी म्हणतो, "घालतो. पण आधी त्याला नोकरी लागू द्या."