नमुन्याचं घर

मी तेव्हा नुकताच डिप्लोमा संपवून रत्नागिरीत परतलो होतो. थोरल्या बहिणीचे यजमान बांधकामाची ठेकेदारी करत. गावाबाहेरच्या एका उतारावर त्यांना वसाहत उभी करायची होती. डोंगर कापून सपाटी करायची आणि सिमेंटच्या इमारती बांधायच्या, असा त्यांचा बेत.

मी म्हटलं, "भावोजी, उतार आणि त्यावरची आंब्याची कलमं आहेत तशीच ठेवू. घरं पायरीपायरीने बसवू. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि छपराचं पाणी पन्हळीतून विहिरीत. इथे घर घेणारा माणूस बहुतेक मोठ्या बोटीवर नोकरीला; तो महिनोन्‌महिने घरी नसतो. भर मे महिन्यात त्याच्या बायकोला कळशी घेऊन फिरावं लागणार नाही, एवढं त्याला दाखवा. तो चार पैसे जास्त देईल, वर मित्रालाही घेऊन येईल."

भावोजी हसले. "तू झाडं वाचवायला निघालायस की धंदा करायला?"

"इथे दोन्ही एकच आहे."

त्यांना पटलं. निदान मला तसं वाटलं.

जमीन आमच्या शेजारच्या काकींची. खालची वाडी तिथल्या विहिरीवर पाणी भरायची, म्हणून काका गेल्यावरही त्यांनी जमीन कुणाला दिली नव्हती. भावोजींना घेऊन गेलो आणि ओटीवर बसून मी त्यांना नकाशा समजावला. विहीर राहील, कलमं राहतील, वाडीचं पाणी तुटणार नाही. काकींनी भावोजींकडे बघितलंसुद्धा नाही. "तू सांगतोयस म्हणून देते," म्हणाल्या.

पहिलं घर मी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. दुपारच्या उन्हातून आत आलेला माणूस बसला की उठायचं नाव घेत नसे. ते बघून लोक घरं नोंदवू लागले. भावोजी गिऱ्हाइकांना माझीच वाक्यं ऐकवायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग मला कावीळ झाली. दोन महिन्यांनी अंथरुणातून उठून तिकडे गेलो, तर उतार कापलेला. कलमांचे ओंडके रस्त्याकडेला रचलेले. विहीर बुजवून वर माती दाबली होती.

"भावोजी, हे काय?"

"एवढ्या जागेत अजून चार बिऱ्हाडं बसतात," ते शांतपणे म्हणाले. "नमुन्याचं घर आहे ना दाखवायला? तेवढं पुरे."

"आणि काकींना दिलेला शब्द?"

"तो तू दिलास. मी कुठे काय बोललो?"

तसाच ताईकडे गेलो. ती भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकूनही तिचा हात थांबला नाही. "मला माहीत होतं रे," ती म्हणाली. "तू बरा होईपर्यंत सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं."

काकी रागावल्या नाहीत. "तुला ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालते," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

मी लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी धरली. पुढे भाचीच्या बारशाला ताईने बोलावलं म्हणून गेलो. भरल्या घरात भावोजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वसाहतीची मूळ कल्पना ह्याची बरं का!"

सुट्टीवर आलेले एक बोटीवरचे गृहस्थ पुढे झाले. तिथलंच घर घेतलेले. "मग टँकरची वाट का बघावी लागते, तेही तुम्हीच सांगा."

भावोजी पानं मांडली का बघायला आत निघून गेले. मी त्या गृहस्थांना अंगणात नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पण तुम्ही त्यांच्या घरचेच ना?" ते म्हणाले.

आत वाढायला घेतलं होतं. ताईला न सांगताच मी एसटी स्टँडकडे चालू लागलो.