खंडेनवमीची कढई

दिघेकाका कोणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरत, गॅसचा रेग्युलेटर बंद करत आणि मग बाहेर येऊन नमस्कार करत. तुकोगंजमधल्या आमच्या इमारतीत त्यामुळे त्यांना चहा नेहमी उशिरा मिळे.

पीथमपूरच्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्तीनंतर कारखान्याची जागा आमच्या इमारतीने घेतली. "तेल पेटलं तर पैले गॅस बंद, फिर झाकण. पाणी बिलकुल नाही," हे वाक्य बाराही घरांना पाठ होतं. काकू ते तीस वर्षं ऐकत होत्या. "ऐकतेय हो," म्हणायच्या, आणि मान वर करायच्या नाहीत.

काकांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. खंडेनवमीला घरातल्या तलवारीची पूजा होई. तिच्या शेजारी काका आग विझवायचं लाल सिलिंडर मांडत. त्यालाही हळदकुंकू, झेंडूचा हार. "आमच्या पिढीचं शस्त्र हेच, भिया." पूजलेलं शस्त्र दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही, हा घरचा नियम.

एका खंडेनवमीला मी प्रसादाला गेलो होतो. वडे तळता तळता काकू बहिणीच्या फोनसाठी खिडकीशी गेल्या आणि कढईतलं तेल पेटलं. जाळ वरच्या फळीकडे निघाला. मी पाण्याची कळशी उचलली.

"पाणी नको!" काकांनी ती हिसकावली आणि ते सिलिंडरकडे धावले. तिथे थांबून त्यांनी आधी हात जोडले. मग हार सोडू लागले. सिलिंडर चालू करायला जी पिन ओढावी लागते, तिलाच काकूंनी हार दोन गाठी मारून बांधला होता.

"अहो, पूजेतला आहे तो!"

"अगं, घर जळतंय!"

"उत्तरपूजा उद्या आहे."

बोलता बोलता काकूंनी रेग्युलेटर बंद केला आणि मोठी परात कडेने कढईवर सरकवली. जाळ गुदमरला.

"आता गार होईपर्यंत उचलायची नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. त्यांची पहिली गाठ नुकतीच सुटली होती.

दुसऱ्या दिवशी दोघं आपट्याची पानं घेऊन घरोघर आले. प्रत्येक दारात सोनं देऊन काका सांगत, "ही फोनवर, तेल गॅसवर, आणि मी हार सोडत बसलेलो. आग हिनं विझवली. परातीनं. ध्यानात ठेवा." स्वतःची चूक सांगणारे दिघेकाका आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

पाचव्या दारात काकूंनी त्यांची बाही ओढली. "अहो, बस करा. विझवली कोणी ते सांगता सांगता लावली कोणी तेही सगळ्या बिल्डिंगला कळतंय."