तिसरी वायर

जिन्याखालच्या खोपटात बसून बोर्डवाले काका बावीस वर्षं एक्स्टेन्शन बोर्ड बनवत होते. काम दणकट, त्यांच्या बोर्डाचा स्क्रू कधी ढिला झाला नाही. फक्त तीन भोकांच्या सॉकेटला ते वायरी दोनच जोडत. तिसरी, अर्थिंगची, गाळत. दोन वायरींची केबल हलकी, वळायला सोपी, आणि गिऱ्हाईक काही आत डोकावून बघत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, मग तिसरी हवीय कोणाला, असं ते हसून म्हणत.

गल्लीच्या टोकाला एक जोडपं काकांच्याच बोर्डावर इस्त्रीचं दुकान चालवायचं. एकदा जाता जाता दुकानातल्या वहिनी म्हणाल्या, इस्त्रीला हात लागला की मुंग्या येतात. काकांनी मान वर न करताच सांगितलं, चप्पल घालून काम करा.

पुढे एका सकाळी कपड्यांवर पाणी शिंपडून वहिनींनी इस्त्री उचलली, ती हातातून सुटलीच नाही. आतली तार पत्र्याला टेकली होती. करंट जमिनीत न्यायला वायर नव्हती, त्यामुळे फ्यूज उडाला नाही. वाट मिळाली ती वहिनींच्या अंगातून. वहिनी जागीच गेल्या.

सगळ्यांनी इस्त्रीला बोल लावला. काकांचं नाव कुणी काढलं नाही, पण आत काय गाळलंय ते त्यांना ठाऊक होतं. पंधरा दिवसांनी ते नवा, तीन वायरींचा बोर्ड घेऊन इस्त्रीवाल्याकडे गेले. तिथे नव्या इस्त्रीला तोच जुना बोर्ड लावलेला. काकांनी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं.

इस्त्रीवाला बराच वेळ एकच कॉलर दाबत राहिला.

"हे आता मला कशाला सांगितलंत?" तो म्हणाला. "इस्त्री जुनी होती, अशी मी मनाची समजूत घातली होती. तेवढी तरी राहू द्यायची होती."

हाताला काम हवं म्हणून काकांनी भिंतीतला सॉकेट तपासला. बल्बची एक वायर करंटच्या भोकात, दुसरी अर्थिंगच्या भोकात घातली. बल्ब पेटला नाही. सॉकेट खोलला, तर आत अर्थिंगची वायरच नव्हती. शेजारपाजारचे सॉकेटही खोलून पाहिले, सगळ्या इमारतीत तीच गत. नवा बोर्ड नुसता शोभेचा.

ते घरमालकाकडे गेले. मागच्या अंगणात खड्डा खणून अर्थिंग मी स्वतः करून देतो म्हणाले. मालक म्हणाले, काँक्रीट आत्ताच घातलंय, आणि एकाला हो म्हटलं की उद्या सगळे दारात उभे राहतील. शिवाय इतक्या वर्षांत कुणाला काही झालं नाही.

"झालं की," काका म्हणाले.

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं.

मग काका आपले जुने बोर्ड परत मागत दारोदार फिरले. चालतंय ना, मग हात कशाला लावता, असं म्हणून लोकांनी दारं लोटली. त्यांचा जाड केबलचा बोर्ड कुणी घेईना. रस्त्यापलीकडे एका नव्या दुकानात दोन वायरींचे हलके बोर्ड टांगले गेले, आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं.

शेवटी काकांनी एक जाड लाकडी फळी आणून इस्त्रीवाल्याच्या टेबलापुढे टाकली. यावर उभे राहा, खाली पाणी सांडू देऊ नका, म्हणाले. यापलीकडे त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं.

इस्त्रीवाला निमूटपणे फळीवर चढला.

"जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय," तो म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.