मूळ दाखला

मे-जून आला की उत्तरेश्वर सर मास्तर राहत नसत, दलाल होत. हे त्यांचंच म्हणणं. सांगताना हसत, पण त्या हसण्यात काही राम नसे. कळंब तालुक्यातल्या आपल्या गावी ज्युनियर कॉलेजात ते मराठी शिकवत. पट कमी पडला की तुकडी बंद, तुकडी बंद की मास्तर अतिरिक्त, आणि अतिरिक्त मास्तराला कुठं धाडतील याचा नेम नाही. म्हणून सुट्टीत दारोदार हिंडायचं, चहा प्यायचा आणि पोरांचे शाळा सोडल्याचे मूळ दाखले गोळा करायचे. मूळ दाखला आपल्या हातात आला की दुसरं कॉलेज त्या पोराला घेत नाही.

यंदा बारावी सायन्सला नेमकं एक नाव कमी पडत होतं. सरांना फिरोज टेलरची आरजू आठवली. अकरावीला लातूरला होती. होस्टेलवर कावीळ झाली, म्हणून बापानं परत आणलेली. आता बारावी कळंबला करायची की गावात, हे घरात ठरत नव्हतं.

"तुमीच सांगा सर," मशीन थांबवून फिरोज म्हणाला. "रोज एसटीनं कळंब पोरीला झेपंल का? आन आपल्या गावात लॅब हाय का?"

"हाय की," सर म्हणाले.

लॅब होतीच. दोन वर्षं कुलपात होती आणि फिजिक्सला मास्तर नव्हता, तेवढं त्यांनी सांगितलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. सर स्वतः दारात आलेले, त्यांना नाही कसं म्हणायचं? फिरोजनं पेटीतून दाखला काढून दिला.

घरी जेवायला बसल्यावर सरांना स्वतःची मुलगी, प्रतीक्षा आठवली. तिला त्यांनी सोलापूरला घातलं होतं, गावात नव्हे. लाज वाटली, चांगलीच वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाखला घेऊन फिरोजच्या दारात हजर. कुलूप, रिकामी जागा, सगळं एका दमात सांगून टाकलं. "पोरीला कळंबलाच घाला, फिरोजभाई." नोकरी गेली तर गेली, असं म्हणताना त्यांना स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

 फिरोजच्या आधी आरजूच बोलली.

"सर, कळंबला काल शेवटची तारीख होती. मी फॉर्म भराया निघालेच होते. अब्बा म्हणले, सर सांगत्यात तर हितंच घालू."

सर तसेच मोटरसायकलवरून कळंबला गेले. प्राचार्यांच्या हातापाया पडले. जागा भरल्या होत्या. दुपारी परत येऊन त्यांनी दाखला फिरोजपुढं धरला, पण त्यानं तो घेतला नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच सरांना सोसेना.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापशीच," तो म्हणाला. "आता फिजिक्स कोण शिकवणार, तेवढं पोरीला सांगा."